कसब आहे, निवड नाही

शाळा सुटलेलं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रिकामं हिंडणारं, हाताला काही येत नसलेलं मूल उभं राहतं. मग उपायही ठरलेला असतो: त्याला एखादं हातचं काम शिकवावं, म्हणजे ते मार्गी लागेल. बनारसच्या मणिकर्णिका घाटावर हा हिशेब जुळत नाही. तिथे अंत्यसंस्काराचं काम वंशपरंपरेने करणाऱ्या डोम समाजाच्या वस्तीतल्या अनेक मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षीच काम येतं. चिता कशी रचायची, जाड ओंडके कुठे आणि बारीक लाकूड कुठे घालायचं, वारा फिरला तर आग कशी सांभाळायची, अर्धवट जळालेला देह बांबूने पुन्हा ज्वाळेत कसा सारायचा, हे त्यांना कोणी वर्गात बसवून शिकवलेलं नसतं. राजेश जाला यांच्या २००८ सालच्या 'चिल्ड्रन ऑफ द पायर' या माहितीपटात या घाटावर राबणारी सात मुलं दिसतात. धूर आणि आच सोसत मोठ्यांच्या बरोबरीने चितेपाशी उभं राहायचं, प्रेतावरचं कफन ओढून घेऊन ते दुकानदाराला परत विकायचं, त्यातून घर चालवायला हातभार लावायचा, हे त्यांचं बालपण. या मुलांकडे कसब आहे, रोजची कमाई आहे आणि मागणी कधीच न आटणारा धंदा आहे. नाही ती निवड. शाळागळती आणि व्यवसाय शिक्षण यांविषयी मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच सामावलेलं आहे. आपण मुलाला काम शिकवतो की त्याला निवड करण्याची ताकद देतो, हा प्रश्न आधी सोडवला नाही, तर चांगल्या हेतूने सुरू केलेला व्यवसायवर्गही त्याला जन्माने आलेल्या जागीच परत नेऊन सोडतो. शाळेच्या आणि कौशल्य प्रशिक्षणाच्या कामात पडणाऱ्यांनी, तसंच मुलाचं नाव शाळेतून काढावं का अशा विचारात असलेल्या आईवडिलांनी, पुढचे बोल ऐकावेत म्हणून हे लिहितो आहे.

मणिकर्णिकेशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचा जीर्णोद्धार केला, आणि झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका तांबे होतं ते याच काशीतल्या जन्मामुळे. पण घाट ज्यांच्या श्रमावर रात्रंदिवस चालतो त्यांच्या व्यवस्थेकडे आपण यात्रेकरू म्हणून क्वचितच पाहतो. चितेला लागणारा अग्नी डोमांकडूनच घ्यावा लागतो. राजा हरिश्चंद्र काशीच्या डोमाच्या घरी राबला, या कथेने त्या हक्काला प्रतिष्ठाही दिली आहे. डोमराजा जगदीश चौधरी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. घाटावर काम करण्याचा हक्क कुटुंबांमध्ये पाळीपाळीने वाटलेला असतो. त्या पाळीला तिथे 'पारी' म्हणतात, आणि ती बापाकडून मुलाकडे जाते. वरवर पाहता ही एक मालमत्ता आहे. पण ज्यांच्या हातून अग्नी घेतल्याशिवाय मोक्ष नाही असं मानलं जातं, त्यांच्याच हातचं पाणी शेकडो वर्षं वर्ज्य मानलं गेलं. मराठी वाचकाला हे कोडं नवं वाटायला नको. महारवतनही कागदावर हक्कच होतं. गावाची अपमानाची आणि वेठीची कामं त्या हक्काला बांधलेली होती, म्हणून शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात ते वतन रद्द केलं आणि १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक आणलं. वतन सोडलं तर खायचं काय, असं तेव्हाही विचारलं गेलं होतं. वंशाने मिळणारी मिळकत माणसाला जगवते आणि त्याच वेळी जखडते, हे आपण त्या लढ्यातून शिकलो आहोत. पारीकडे पाहताना तेच भान ठेवावं लागतं.

आता शाळेकडे वळू. मूल शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी आठवड्यातून एखादा दिवस जातो, मग लग्नसराई किंवा सुगी जाते, मग परीक्षा चुकते, आणि शेवटी हजेरीपटावर फक्त नाव उरतं. या घसरणीला एक ठरलेलं वय आहे. केंद्र सरकारच्या यूडायस या शाळानोंदीनुसार २०२१-२२ मध्ये देशात प्राथमिक स्तरावर गळती १.५ टक्के होती, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के, आणि माध्यमिक स्तरावर एकदम १२.६ टक्के. २०२४-२५ च्या नोंदीत माध्यमिक स्तराचा आकडा ८.२ टक्क्यांवर आला आहे. मधल्या काळात वर्गांची गटवारी आणि मोजण्याची रीत बदलली असल्याने या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरी दोन्ही वर्षांत चढण एकाच जागी आहे: आठवीच्या पुढे. याचं एक कारण कायद्यातच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. आठवी संपली की मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी संपते आणि नेमक्या त्याच वयात मुलाच्या अंगात मोठ्यांचं काम पेलण्याइतकं बळ येतं. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी आली, पण धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करण्याची मुभा राहिली. जिथे धंदा जातीने आणि वंशाने ठरतो, तिथे घरची मदत आणि मजुरी यांच्यातली रेघ कोण आखणार? रात्रभर चितेपाशी जागलेलं मूल सकाळी वर्गात आलं, तरी ते शिकण्यासाठी उरलेलं नसतं. हजेरीपट मात्र त्याला हजर म्हणतो.

म्हणून माझा पहिला आग्रह शाळेच्या जबाबदारीबद्दल आहे. मूल गळालं असं आपण म्हणतो, जणू ते आपोआप गळून पडतं. प्रत्यक्षात कायद्याने या कामाला धनी नेमून दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं, प्रत्येकाचा प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होणं यांची खात्री करणं ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे नगरपालिका, महापालिका किंवा जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे. कलम ४ प्रमाणे मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत. कायदा एवढा स्पष्ट असूनही मूल निघून जातं आणि कोणालाच जाब द्यावा लागत नाही, कारण आपण शाळेकडे चुकीचे आकडे मागतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये ३ ते ५ तारखेदरम्यान राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा सुमारे २० लाख मुलं पटावर आहेत पण वर्गात नाहीत, असा आकडा पुढे आला. अनुदान आणि शिक्षकांची पदं पटावर ठरत होती, म्हणून पट फुगले. उलट जिथे शाळेची किंमत दहावीच्या निकालावर ठरते तिथे पट मुद्दाम हलका केला जातो. नववीत कच्च्या मुलाला नापास करणं, किंवा दाखला घेऊन सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस असं पालकांना सुचवणं, आणि मग शंभर टक्के निकालाचा फलक लावणं, हे आपल्याकडच्या शाळांच्या वर्तुळात सर्वांना माहीत असलेलं सत्य आहे. अमेरिकेतही तेच घडलं. ह्यूस्टन शहरातल्या शार्प्सटाउन हायस्कूलमधून २००१-०२ या वर्षात ४६३ विद्यार्थी निघून गेले, पण गळतीच्या रकान्यात शाळेने शून्य लिहिलं होतं. कोणी दुसऱ्या शाळेत गेला, कोणी मायदेशी परतला, अशा नोंदी करून तो आकडा पुसला गेला होता. शाळेला फक्त निकालावर तोललं की कच्चं मूल शाळेला ओझं वाटू लागतं, आणि ओझं उतरवण्याचे मार्ग सापडतातच.

यावर शिक्षक जे म्हणतात ते रास्त आहे. पाचवीत येणाऱ्या मुलाला वाचता येत नसतं, घरी अभ्यासाला जागा नसते, बाप घाटावर किंवा उसाच्या फडात, वरून ऑनलाइन माहिती भरण्याचा आणि सर्वेक्षणांचा भार, मग एका शिक्षकाला जाब विचारून काय होणार? जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडे शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये, असं हाच कायदा कलम २७ मध्ये सांगतो, आणि ते कलमही पाळलं जात नाही. शिक्षकाचं हे म्हणणं मी पूर्ण मान्य करतो. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. जबाबदारी म्हणजे शिक्षा असा अर्थ घेतला की शिक्षक आकडे लपवणार. जबाबदारी म्हणजे प्रत्येक मुलाचं उत्तर ठाऊक असणं असा अर्थ घेतला की काम बदलतं. शाळेला एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी आठवीत असलेली सगळी मुलं आज कुठे आहेत? नववीत, दुसऱ्या शाळेत, आयटीआयमध्ये, कामावर, सासरी, की ठाऊक नाही? यातलं शेवटचं उत्तर सोडून कुठल्याही उत्तरासाठी शाळेला दोष देऊ नये. 'ठाऊक नाही' हे उत्तर मात्र कोणत्याही मुख्याध्यापकाकडून आणि शिक्षणाधिकाऱ्याकडून स्वीकारू नये. आता प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद स्वतंत्रपणे ठेवली जाते, त्यामुळे हा प्रश्न विचारणं अवघड राहिलेलं नाही. महाराष्ट्रात बालरक्षक म्हणून पुढे आलेल्या शिक्षकांनी शालाबाह्य मुलांना शोधून वर्गात आणलं, तेही घरोघर जाऊन याच प्रश्नाचा पाठपुरावा करून. जे काही शिक्षक स्वखुशीने करतात ते व्यवस्थेने कर्तव्य म्हणून करायला हवं, आणि त्यासाठी त्यांना वेळही द्यायला हवा.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे. घरात खायला नसेल तर शाळेचं महत्त्व सांगून काय उपयोग? मणिकर्णिकेसारख्या ठिकाणी हा आक्षेप आणखी टोकदार होतो, कारण तिथे कामाचा पैसा त्याच दिवशी हातात पडतो आणि शाळेचं फळ दहा वर्षांनी मिळेल असं फक्त सांगितलं जातं. गरीब माणूस अडाणी असतो म्हणून मुलाला कामाला लावतो, असं मला कधीच वाटलेलं नाही. तो समोर असलेल्या दोन गोष्टींची तुलना करतो आणि खात्रीची गोष्ट निवडतो. म्हणूनच त्याला उपदेश करण्यापेक्षा ती तुलना बदलणं महत्त्वाचं. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत आपल्याकडे हे काही प्रमाणात जमलं आहे. आईबाप सहा महिने कारखान्यावर गेले की मुलं बरोबर जायची आणि त्या वर्षाचं शिक्षण बुडायचं. कारखान्याजवळ साखरशाळा निघाल्या, नंतर गावातच हंगामी वसतिगृहं सुरू झाली. त्यांतही त्रुटी आहेत, पैसे वेळेवर येत नाहीत, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी राहते. तरी जिथे आजीजवळ किंवा वसतिगृहात मुलाच्या जेवणाची आणि देखरेखीची सोय झाली, तिथे आईबापांनी मुलाला मागे ठेवलं. नड खरी होती, पण ती नेमकी कशाची आहे हे पाहून सोय केली तेव्हा निर्णय बदलला. घाटावरच्या कुटुंबाची नड वेगळी आहे: रात्रीची पाळी, नशेचा शेजार, शाळेत जातीवरून होणारी हेटाळणी. तिथे निवासी शाळा, संध्याकाळची अभ्यासिका आणि वर्गात जातीचा उच्चार खपवून न घेणारा मुख्याध्यापक, या तीन गोष्टी शिष्यवृत्तीइतक्याच मोलाच्या ठरतील. आपल्याकडे मसणजोगी समाजाची मुलं हेच ओझं वाहतात. ज्याच्या नावालाच स्मशान चिकटलेलं आहे ते मूल वर्गात कोणत्या बाकावर बसवलं जातं, हे पाहिल्याशिवाय त्याच्या गळतीचं कारण फक्त गरिबी आहे असं म्हणू नये.

व्यवसाय शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं अशी मागणी केली, आणि त्या शिक्षणात वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत असंही सांगितलं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली, तिचा गाभाच हस्तोद्योग होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजवलं. या परंपरेचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच तिच्याविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप टाळून चालणार नाही. तो आक्षेप असा: श्रीमंतांच्या आणि वरच्या जातींच्या मुलांनी गणित-विज्ञान शिकायचं आणि गरिबांच्या मुलांनी हातोडी-सुई धरायची, यालाच तुम्ही व्यवसाय शिक्षण म्हणता. हा आक्षेप काल्पनिक नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचा वेळ निम्मा केला आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला कुलधंद्याची शिक्षणयोजना म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी ती योजना गुंडाळली. कामराजांनी पुढे त्या राज्यात शाळा वाढवल्या, मुलांच्या जेवणाची सोय केली, आणि तामिळनाडूचं शिक्षण त्या पायावर उभं राहिलं. मणिकर्णिकेवर कोणी अशी अर्ध्या दिवसाची योजना लागू केली असती, तर डोमाचा मुलगा सरकारी खर्चाने चिता रचायला शिकला असता. म्हणून आक्षेप घेणारे चूक आहेत असं मी म्हणत नाही. त्यांचा आक्षेप हीच व्यवसाय शिक्षणाची पहिली कसोटी मानावी असं मी म्हणतो.

या कसोटीला उतरणारं व्यवसाय शिक्षण कसं असतं, याचं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावाने दिलेलं आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना त्यांनी वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया अशी अनेक कामं एकत्र शिकवली. एकाच धंद्यात मुलाला पक्कं करण्याऐवजी अनेक कामांत हात घालायला लावला, आणि त्या प्रत्येक कामातून विज्ञान समजावलं. शेडचा आराखडा काढताना भूमिती येते, मातीपरीक्षण करताना रसायन येतं, गावकऱ्याला काम करून देताना अंदाजपत्रक आणि हिशेब येतो. याच धर्तीवरचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय पुढे राज्यातल्या अनेक माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीला शिकवला गेला, आणि तो वर्गातल्या सर्व मुलामुलींसाठी होता, नापासांच्या वेगळ्या तुकडीसाठी नव्हता. मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा स्वयंपाकघरातलं पोषण शिकतो, तेव्हा काम आणि जन्म यांची गाठ सुटायला लागते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेवर जो मूलगामी आरोप केला तो असा की ती श्रमाची विभागणी करून थांबत नाही, श्रमिकांचीच उतरंड लावते. अनेक हुन्नर सर्वांना शिकवणारी शाळा ती उतरंड मोडते, आणि बापाचाच धंदा मुलाला शिकवणारी शाळा ती पक्की करते.

मग एक व्यवहारी आक्षेप उरतो: शिकूनसवरूनही नोकऱ्या नाहीत, त्यापेक्षा हातचा धंदा काय वाईट? हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला कमी लेखू नये, त्याच्या डोळ्यांपुढे पदवी घेऊन रिकामी बसलेली मुलं असतात. पण त्याचं उत्तर आठवीत शाळा सोडण्यात नाही. आपल्याकडे औपचारिक व्यवसाय शिक्षणच फार थोड्यांना मिळतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज उद्धृत केला आहे: १९ ते २४ वर्षांच्या कामकरी तरुणांत भारतात ५ टक्क्यांहून कमी जणांनी असं शिक्षण घेतलं होतं, तर जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. त्याच धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं ठरवलं होतं. ओळख होणं आणि हुन्नर अंगी येणं यांत मोठं अंतर आहे, हे विसरू नये. आठवड्याला दोन तास ब्युटी आणि वेलनेसचं पुस्तक वाचून कोणी कारागीर होत नाही. शिवाय कसबाचं मोल ते घेऊन वर चढता येतं का यावर ठरतं. आज तो जिना आहे. आठवी किंवा दहावीनंतर आयटीआय करता येतो. आठवीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण करून मुक्त विद्यालयाची भाषेची परीक्षा दिली की दहावीची समकक्षता मिळू शकते. आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावरून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. मणिकर्णिकेपासून काही मैलांवर करौंदीचं सरकारी आयटीआय आहे, बनारस रेल्वे इंजिन कारखाना आहे, बनारस हिंदू विद्यापीठ आहे. नीरज घेवान यांच्या २०१५ च्या 'मसान' चित्रपटात डोम कुटुंबातला दीपक पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. ती कथा काल्पनिक असली तरी दिग्दर्शकाने त्याला दिलेली वाट अगदी खरी आहे. घाट आणि त्या संस्था यांच्यातलं अंतर मैलांनी मोजण्यासारखं नाही, कारण त्या जिन्याची पहिली पायरी शाळेत आहे आणि मूल तिच्यावर पोचण्याआधीच परत फिरतं.

इथून पुढे जे सांगतो ते कृतीसाठी आहे. आईवडिलांनी आठवी ते दहावी ही तीन वर्षं कोणत्याही किमतीवर राखावीत. मूल अभ्यासात मागे आहे, शाळेत जायला कंटाळतं, यावरून ते शिकणारच नाही असं ठरवू नये. त्याला काय जमत नाही हे शिक्षकांना लेखी विचारावं आणि विशेष प्रशिक्षणाची मागणी करावी. शाळेने दाखला घ्या आणि बाहेरून परीक्षा द्या असं सुचवलं, तर लगेच सही करू नये. कारण विचारावं, शाळा व्यवस्थापन समितीपुढे जावं, गरज पडली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्यावा. घरचा धंदा मुलाला शिकवायला काहीच हरकत नाही, पण त्याला दुसरं एखादं काम येत नाही तोवर घरचा धंदा त्याच्या गळ्यात घालू नये. आणि मुलीच्या बाबतीत हा नियम दुप्पट कडकपणे पाळावा, कारण तिची शाळा सुटली की पुढचं पाऊल बहुतेकदा लग्नाकडे पडतं. ज्यांची शाळा आधीच सुटली आहे अशा तरुणांना मी सांगेन की परतीचा रस्ता बंद झालेला नाही. मुक्त विद्यालयातून दहावी होते, काम करत करत होते. प्रमाणपत्राशिवायचं कसब एका मालकाकडे आणि एका गावात चालतं, प्रमाणपत्रासह ते कुठेही नेता येतं.

मुख्याध्यापकांनी दरवर्षी जूनमध्ये आठवी पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे तो आज कुठे आहे हे लिहावं आणि ती यादी शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखवावी. संस्थाचालकांनी दहावीच्या निकालाच्या फलकाशेजारी दुसरा आकडा लावावा: तीन वर्षांपूर्वी आठवीत असलेल्यांपैकी कितीजण दहावीला बसले. हा आकडा लावण्याची हिंमत ज्या शाळेत आहे तिचा शंभर टक्के निकाल खरा. सलग अनुपस्थितीचा पहिला आठवडा संपण्याआधी कोणीतरी घरी जावं, कारण महिन्याभराने गेलेल्या माणसाला मूल कामावर रुळलेलं सापडतं. घाटावर, वीटभट्टीवर, फडावर किंवा पालांवर कौशल्यवर्ग सुरू करणाऱ्या संस्थांनी आणि देणगीदारांनी उद्घाटनाआधी तीन गोष्टी तपासाव्यात. इथे शिकलेलं मूल औपचारिक शिक्षणात परत जाऊ शकेल का? त्याला त्याच्या जातीच्या किंवा आईबापांच्या धंद्यापलीकडचं निदान एक काम येईल का? आणि आपण स्वतःच्या मुलाला या वर्गात बसवू का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नकारार्थी असेल, तर वर्गाची रचना बदलावी, मगच फीत कापावी. शिलाई, मेंदी आणि अगरबत्ती यांपुरतं थांबणारं प्रशिक्षण चार पैसे मिळवून देतं हे खरं, पण मुलाच्या आयुष्याची दिशा त्याने बदलत नाही.

चिता रचण्याचं काम हलकं आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मृताला सन्मानाने निरोप देणारं काम समाजाला कायम लागणार आहे, आणि ते करणाऱ्याला चांगलं वेतन, संरक्षण आणि आदर मिळायला हवा. सज्ञान माणसाने शिकून, इतर वाटा माहीत असून ते काम स्वीकारलं तर त्याच्यापुढे मी नतमस्तक होईन. बारा वर्षांच्या मुलाकडे मात्र ते काम केवळ जन्मामुळे येतं, आणि त्याच्या शाळेचा पट, नगराचं प्रशासन आणि आपण सगळे त्याला मूकपणे संमती देतो. ही संमती काढून घेणं आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या गावातल्या, आपल्या वॉर्डातल्या शाळेपासून होते. या जूनमध्ये तिथे जाऊन विचारा: गेल्या वर्षीच्या आठवीतली सगळी मुलं आज कुठे आहेत? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.